संकेत गेल्यावरही टिकणारी सक्रियता : मेंदूचं क्षेत्र-समीकरण

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. एकेका पेशीचा हिशेब ठेवण्याऐवजी ह्यू विल्सन आणि जॅक कोवान यांनी १९७२-७३ मध्ये पेशीसमूहांची सरासरी सक्रियता मोजायचं ठरवलं. १९७७ मध्ये शुनइची आमारी यांनी याच विचाराचं इतकं सुटसुटीत रूप मांडलं, की त्याची काही उत्तरं कागदावरच निघतात.

समीकरण सांगतं ते असं : चेतापेशींच्या थरातल्या प्रत्येक बिंदूवरची सक्रियता आपोआप ओसरत असते, साधारण १० मिलिसेकंदांच्या कालमानाने. तिच्यात बाहेरचा संकेत आणि इतर सगळ्या बिंदूंकडून येणारी भर मिसळते. उंबरठा ओलांडलेले बिंदूच संदेश पाठवतात. जवळचे बिंदू एकमेकांना चेतवतात, जरा लांबचे दाबतात.

यातून एक विलक्षण गोष्ट घडते. क्षणभर संकेत देऊन काढून घेतला, तरी सक्रियतेचा उंचवटा, म्हणजे शेजारशेजारच्या सक्रिय बिंदूंचा पुंजका, तिथेच टिकतो. नुकताच दिसलेला ठिपका कुठे होता, हे काही सेकंद लक्षात कसं राहतं, याचं हे एक प्रारूप मानलं जातं. आमारींची अट सोपी आहे : शून्य अंतरापासून उंचवट्याच्या रुंदीपर्यंतच्या जोडणीभारांचं (एक बिंदू दुसऱ्याला किती चेतवतो वा दाबतो त्या आकड्यांचं) संकलन, म्हणजे एकूण बेरीज, उंबरठ्याइतकं हवं. चेतवणं आणि दाबणं यांचा तोल योग्य असेल तर अशा दोन रुंदी मिळतात. अरुंद उंचवटा अस्थिर असतो. किंचित आकसला की विझतो, किंचित फुगला की रुंद होतो. रुंद तेवढा टिकतो. दाबणं फारच कमी पडलं, तर सगळं क्षेत्र पेटतं.

संगणकावर हे समीकरण चालवताना १० मिलिमीटर परिघाचं वर्तुळ ५०० बिंदूंत विभागलं, तर दोन बिंदूंत ०.०२ मिलिमीटर अंतर पडतं. चेतवण्याचा पल्ला ०.२ मिलिमीटर असेल, तर एवढी जाळी कामापुरती ठीक. कालपायरी अर्धा मिलिसेकंद ठेवावी. वर्तुळ मात्र दाबण्याच्या पल्ल्याच्या कित्येक पट मोठं हवं, नाहीतर उंचवटा मागच्या बाजूने स्वतःलाच दाबू लागतो. द्विमितीत ५१२ × ५१२ बिंदू घेतले, की सरळ बेरजेला प्रत्येक पायरीला सुमारे ६,९०० कोटी गुणाकार लागतात; तिथे जलद फूरिए रूपांतराला (हीच बेरीज फार कमी गुणाकारांत करणाऱ्या पद्धतीला) पर्याय नाही.

सर्वांत फसवी चूक जाळीचीच. उंबरठा पायरीसारखा तीव्र आणि जाळी जाड असेल, तर उंचवटा बिंदूंमध्ये अडकून बसतो. खरं तर यादृच्छिक गोंगाटात तो हळूहळू सरकायला हवा, आणि त्या सरकण्याचं प्रचरण (सरासरीभोवतीच्या पसाऱ्याचं माप) काळाबरोबर वाढायला हवं. अडकलेला उंचवटा पाहून स्मृती आहे त्यापेक्षा पक्की भासते. म्हणून उंबरठ्याला गुळगुळीत वक्र द्यावा, जाळी दुप्पट बारीक करून तीच गणना पुन्हा चालवावी आणि दोन्हींतलं सरकणं जुळलं, तरच आकडा मान्य करावा.