पऱ्हाटीतला गांजा आणि प्रयोगशाळेतला

मराठवाड्यात गांजाची बातमी ठरलेल्या साच्यात येते. तुरीत नाहीतर पऱ्हाटीच्या ओळींत लपवून लावलेली झाडं, पोलिसांची धाड, पंचनामा. त्यामुळे ‘कृत्रिम गांजा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तेच झाड येतं. सिंथेटिक कॅनाबिनॉइड्सना मात्र ना शेत लागतं ना झाड. ती रसायनं प्रयोगशाळेत घडतात. झाडाशी त्यांचं नातं एवढंच की, दोघांची किल्ली मेंदूतल्या एकाच कुलपाला लागते.

परळी, औंढा आणि वेरूळ अशी तीन ज्योतिर्लिंगं असलेल्या मुलखाला भांग काही नवी नाही. आधुनिक वैद्यकात ती आणली कोलकात्याच्या विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने. 1839 मध्ये त्याने धनुर्वात आणि झटक्यांच्या रुग्णांवरचे आपले अनुभव मांडले. औषध गाजलं, पण टिकलं नाही. अर्क पाण्यात विरघळेना, प्रत्येक खेपेची ताकद वेगळी, आणि गुण नेमका कशाचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते कोडं 1964 मध्ये इस्रायलच्या राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी सोडवलं. टीएचसी हा गांजातला नशेचा मुख्य घटक त्यांनी वेगळा काढला.

घटक सापडला, म्हणजे त्याची नक्कल करता येणार. 1985 मध्ये अमेरिकेने दोन औषधांना मान्यता दिली. ड्रोनाबिनॉल म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं टीएचसी, कॅप्सूलमध्ये तिळाच्या तेलात मिसळून. दुसरं नॅबिलोन, टीएचसीच्या धर्तीवर घडवलेलं. दोन्ही केमोथेरपीतल्या उलट्यांसाठी. गंमत अशी की, आपल्याकडे गांजा-चरसवर बंदी घालणारा एनडीपीएस कायदा लागू झाला तोही 1985 च्याच नोव्हेंबरात. त्यातून भांगेची पानं तेवढी सुटली.

कुलूप मात्र अजून सापडायचं होतं. फायझरने वेदनाशामकाच्या शोधात सीपी-55,940 नावाचं रसायन बनवलं होतं. औषध म्हणून ते कधी बाजारात आलं नाही. ॲलिन हाउलेट आणि विल्यम डिव्हेन यांनी 1988 मध्ये त्यालाच किरणोत्सारी खूण लावून उंदरांच्या मेंदूत ते कुठे चिकटतं हे पाहिलं, आणि सीबी1 हा ग्राहक (रिसेप्टर), म्हणजेच ते कुलूप, हाती लागलं. माझ्या मते या सगळ्या रसायनांनी वैद्यकाला दिलेली सर्वात मोठी गोष्ट हीच. 1992 मध्ये त्या कुलपाची शरीराचीच किल्ली मिळाली. तिचं नाव आनंदामाइड, आपल्या ‘आनंद’वरून.

त्याच वाटेने घातही झाला. क्लेमसन विद्यापीठातल्या जॉन हफमन यांनी ग्राहकाच्या अभ्यासासाठी शेकडो संयुगं तयार केली. त्यातलंच जेडब्ल्यूएच-018 हे 2008 मध्ये जर्मनीत नशेसाठी ओढल्या जाणाऱ्या ‘स्पाइस’च्या पुड्यांत सापडलं. टीएचसी तो ग्राहक अर्धवटच चालवतं, हे पूर्ण ताकदीने. झटके, भ्रम, मृत्यू, सगळं त्यापाठोपाठ आलं.

विरुद्ध टोकाने केलेला प्रयत्नही फसला. सीबी1 बंद करून भूक मारणारं रिमोनाबंट युरोपात 2006 मध्ये आलं आणि नैराश्य, आत्महत्येच्या विचारांमुळे 2008 मध्ये थांबवलं गेलं. भारतात त्यावर 2009 मध्ये बंदी आली.

नॅबिलोनला मागे सारलं ते कायद्याने कमी आणि 1991 मध्ये अमेरिकेत आलेल्या ऑन्डान्सेट्रॉन या उलट्यांवरच्या औषधाने जास्त. छत्रपती संभाजीनगरला केमोसाठी येणाऱ्या रुग्णांच्या चिठ्ठीवर आज तेच नाव ओळखीचं. जिथे नॅबिलोन मिळतं, तिथेही ते नेहमीच्या औषधांनी उलट्या थांबल्या नाहीत तरच देतात.