सुई नेमकी कुठे टोचायची? ॲक्युपंक्चर बिंदूंतून मेंदूला औषध देण्याच्या दाव्याची पार्श्वभूमी

ॲक्युपंक्चरच्या बिंदूवर औषध टोचले तर ते मेंदूवर अधिक प्रभावी ठरते, असे चीन आणि दक्षिण कोरियातले काही संशोधक मानतात. याचा इतिहास सांगताना सुरुवात बहुधा प्राचीन चिनी ग्रंथांपासून होते. पण त्या काळची सुई भरीव होती, तिच्यातून आत काही सोडण्याची सोयच नव्हती. औषध आणि बिंदू यांची गाठ पडली ती पोकळ सुई आल्यावर, आणि त्यावरचा पहिला मोठा वाद झाला ब्रिटनमध्ये.

नोव्हेंबर १८५३ मध्ये एडिंबरातील एका डॉक्टरने मज्जातंतूच्या वेदनेने हैराण झालेल्या एका वृद्ध स्त्रीला शेरी मद्यात विरघळवलेले मॉर्फिन टोचले. जागा निवडली ती बोटाने दाबून, जिथे सर्वांत जास्त दुखते तिथे. फ्रेंच वैद्यकात अशा दुखऱ्या बिंदूंची वर्णने आधीच झालेली होती. वेदना थांबली आणि बाई दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरापर्यंत झोपून राहिल्या. औषध मेंदूत गेल्याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता हवा होता? तरीही १८५५ च्या लेखात डॉक्टरांचा भर राहिला तो टोचलेल्या जागेवरच.

१८५८ च्या सुमारास लंडनमधील एका तरुण शल्यचिकित्सकापुढे वेगळीच अडचण आली. एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचल्याने रुग्णाला गळू झाले. म्हणून त्याने दुखऱ्या भागापासून लांब टोचून पाहिले, तर आराम तेवढाच पडला. औषध रक्तात मिसळते, रक्त ते मेंदूत नेते आणि जागा गौण असते, असा निष्कर्ष त्याने काढला. मग दोघांत वैद्यकीय नियतकालिकांतून चांगलीच जुंपली. अखेर लंडनच्या एका वैद्यकीय संस्थेने समिती नेमली. १८६७ मध्ये समितीने कौल दिला तो असा: त्वचेखाली कुठेही टोचा, परिणामात फरक आढळत नाही.

हा कौल पुढे पाठ्यपुस्तकांत गेला आणि प्रश्न मिटला असे सगळ्यांनी धरून चालले. माझ्या मते तो अर्धाच सुटला होता. मॉर्फिन मुळातच रक्तातून मेंदूत शिरते, त्यामुळे तिथे जागेचा फरक दिसेल तरी कसा? रक्तातून मेंदूत शिरतच नाही, अशा औषधाचे काय, हा प्रश्न समितीपुढे येणे शक्य नव्हते. शरीरात सोडलेला रंग बाकी सगळे अवयव रंगवतो आणि मेंदू मात्र कोरा राहतो, हे जर्मनीत दिसले १८८५ मध्ये. १९१३ मध्ये उलटा प्रयोग झाला. मेंदूभोवतीच्या द्रवात रंग सोडला, तर मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक अडथळा असतो: मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती रक्तातले बरेचसे पदार्थ मेंदूत जाऊ देत नाहीत.

चीनमध्ये बिंदूवर इंजेक्शन देण्याची पद्धत रुजली ती १९५० च्या दशकात. सोव्हिएत वैद्यकात तेव्हा नोव्होकेन (म्हणजेच प्रोकेन, हे बधिर करणारे औषध) टोचून मज्जातंतूंचा मार्ग रोखण्याच्या उपचाराचे प्रस्थ होते. चिनी डॉक्टरांनी ते तंत्र आपल्या बिंदूंवर आणले. ब १, ब १२ जीवनसत्त्वे, प्रोकेन आणि वनस्पतींचे अर्क असे बरेच काही त्या सुईतून गेले. या पद्धतीला प्राचीन म्हणणे म्हणजे निम्मा इतिहास झाकणे.

अलीकडचे प्रयोग मुख्यतः उंदरांवर झाले आहेत. माथ्यावरच्या आणि नाकाखालच्या बिंदूंत सुया घालून वीजप्रवाह दिला, तर अडथळा काही काळ सैल होतो आणि मज्जातंतूंची वाढ करणारे प्रथिन आत जाते, असे काही चिनी गटांनी मांडले. अडथळा सैल झाला का, हे तपासायला पुन्हा रंगच वापरला जातो. गोम अशी की पक्षाघात झालेल्या उंदरांवर हेच उपचार करून इतर गटांनी नेमका उलटा निष्कर्ष काढला आहे: फुटलेला अडथळा विजेच्या सुयांनी सावरतो. दोन्ही खरे असू शकते, कारण वारंवारता, वेळ आणि मेंदूची अवस्था वेगवेगळी असते. पण एकाच उपचाराच्या खात्यात दोन विरुद्ध परिणाम जमा होत असतील, तर वाचकाने थोडे थांबून विचार करावा. शिवाय इथे सुई दार उघडते आणि औषध जाते रक्तातूनच. औषध बिंदूतून मेंदूत गेले असे म्हणणे ही वेगळी गोष्ट झाली.

धनुर्वाताचे विष आणि रेबीजचा विषाणू मज्जातंतूंतून वर चढतात, तेव्हा तशी वाट अस्तित्वात आहे. पण साधा औषधी रेणू त्या वाटेने पुरेशा प्रमाणात जातो असे मानायला तेवढ्याने आधार मिळत नाही. २००२ मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रियेनंतर मुलांना होणाऱ्या मळमळीवर मनगटाजवळच्या बिंदूत ५० टक्के डेक्स्ट्रोज टोचले गेले आणि सुरुवातीच्या काळात त्याचा गुण शिरेतून दिलेल्या औषधाइतकाच आला. टोचली होती साखर, म्हणजे मेंदूपर्यंत गेला तो संदेश. २०२१ च्या एका प्रयोगात उंदराच्या मागच्या पायातल्या बिंदूला दिलेल्या सौम्य प्रवाहाने दाह कमी झाला, पोटावरच्या बिंदूने तसे झाले नाही. पायातल्या त्या बिंदूजवळ विशिष्ट प्रकारचे मज्जातंतू होते. १८६७ च्या समितीला हे वाचायला आवडले असते की नाही, कोण जाणे.

कोरियात मधमाशीचे विष बिंदूंवर टोचून पार्किन्सनच्या रुग्णांवर चाचण्या झाल्या. तिथेच २०१८ मध्ये कंबरदुखीसाठी असे इंजेक्शन घेतलेल्या एका शिक्षिकेचा तीव्र ॲलर्जीने मृत्यू झाला. चीनने या पद्धतीचे राष्ट्रीय मानक २००८ मध्ये काढले. तिथल्या पाठ्यपुस्तकांत औषधाचे प्रमाण जागेनुसार ठरते: कंबर आणि नितंबांवर २ ते ५ मिली, डोक्यावर आणि चेहऱ्यावर मात्र ०.३ ते ०.५ मिली. जुना चिनी ग्रंथ पाठीच्या कण्यातली वाहिनी, म्हणजे चिनी वैद्यकाने मानलेला प्राणशक्तीचा मार्ग, मानेमागच्या फंगफू या बिंदूतून मेंदूत शिरते असे सांगतो. त्याच फंगफूवर सुई वरच्या दिशेने खोल घालू नये, अशी आजच्या पाठ्यपुस्तकांची ताकीद आहे, कारण तिथून कवटीच्या तळाच्या छिद्रातून ती थेट मेंदूच्या देठाला लागू शकते.