३३८९ नंबरचं दार

मे महिन्यातली दुपार, नागपूर पंचेचाळीसच्या घरात. मिहानमधल्या ऑफिसात बसलेल्या माझ्या मित्राला मुलीच्या उत्पन्नाच्या दाखल्याची स्कॅन कॉपी तातडीने हवी होती आणि ती पडली होती मानेवाड्याला, घरच्या कॉम्प्युटरवर. भर उन्हात वर्धा रोडचा तो हेलपाटा त्याच्या चांगलाच जिव्हारी लागला. पुढच्या रविवारी त्याने विंडोजमधलं रिमोट डेस्कटॉप सुरू केलं, राउटरमध्ये एक पोर्ट उघडला आणि सोमवारी घरचा स्क्रीन ऑफिसात बसून पाहिला. मी कुरकुर केली तर म्हणाला, "आपल्या कॉम्प्युटरात ठेवलं काय आहे बे? कोण कशाला येते?"

आठवड्याने त्याच्याकडे तर्रीपोहे खाता खाता आम्ही विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे कॉम्प्युटरची नोंदवही, उघडला. सिक्युरिटीच्या नोंदींमध्ये ४६२५ हा आकडा म्हणजे फसलेलं लॉगिन. स्क्रीनभर तोच आकडा. वापरलेली नावं अॅडमिनिस्ट्रेटर, अॅडमिन, यूझर, टेस्ट. वेळ कधी रात्री दोनची, कधी पहाटे चारची. माउसचं चाक फिरवून बोट दुखलं, यादी काही संपेना.

राउटर हा एरवी सोसायटीच्या वॉचमनसारखा असतो. घरातून कोणी काही मागवलं असेल तर ते आत सोडतो. न मागवता कोणी आलं तर ते कोणाकडे पाठवायचं हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो त्याला बाहेरच ठेवतो. पोर्ट उघडणं म्हणजे त्याला सांगून ठेवणं, की ३३८९ विचारत जो येईल त्याला थेट आमच्या दारी पाठव. रिमोट डेस्कटॉपचा हा ठरलेला नंबर आहे. मित्राला वाटलं, आपण आपल्यापुरती सोय केली. वॉचमनने मात्र 'जो येईल त्याला' एवढंच ऐकलं.

येणारा बहुतेक वेळा माणूस नसतोच. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, पत्ते साधारण ४२९ कोटी. ऐकायला अफाट वाटतात. पण २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन बनवलं. चांगलं वेगवान कनेक्शन असेल तर एकच कॉम्प्युटर त्याच्या मदतीने या सगळ्या पत्त्यांवरचं एक दार पाऊण तासाच्या आत ठोठावून येतो. अशा यंत्राला मानेवाडा कुठे आहे हे माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायची गरजही नसते. 'कोण कशाला येते' हा प्रश्नच तिथे गैरलागू होतो.

मग पासवर्ड तरी वाचवतो का? हिशेब मजेदार आहे. इंग्रजीतल्या फक्त लहान लिपीतल्या आठ अक्षरांचे सुमारे २०,८८३ कोटी पासवर्ड होतात. सेकंदाला पाच या गतीने सगळे करून पाहायला तेराशेच्या वर वर्षं लागतील. निश्चिंत व्हावं असाच आकडा. पण ठोठावणारा सगळे करून पाहतच नाही. तो लोक जे ठेवतात तेच आधी पाहतो: नाव, शहर, आणि पुढे अॅट वन-टू-थ्री. मित्राचा पासवर्ड इथे लिहीत नाही, पण त्यात आपलं शहर होतं.

आणि कधी कधी कुलपाशी झटापट करावीच लागत नाही. २०१९ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने ब्लूकीप नावाने ओळखल्या गेलेल्या दोषावर दुरुस्ती काढली. जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमधला हा दोष असा, की पासवर्ड न देताच बाहेरून आपला प्रोग्राम आत चालवता यावा. २०१४ मध्ये वाऱ्यावर सोडलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा कंपनीने तेव्हा दुरुस्ती दिली, यावरून प्रकरणाचं गांभीर्य कळावं.

३३८९ च्या जागी दुसरा नंबर ठेवा, हा सल्ला हमखास मिळतो. त्याने नोंदींमधला कल्ला कमी होतो, बस. एकूण पोर्ट पासष्ट हजारांच्या आसपास, ते एकेक करून तपासणं यंत्राला जड नाही.

आम्ही शेवटी व्हीपीएन बसवलं, म्हणजे इंटरनेटवरून घरापर्यंतचा खाजगी, बंदिस्त रस्ता; त्यातलं वायरगार्ड नावाचं. इथेही एक पोर्ट उघडावा लागतोच, पण ज्याच्याकडे योग्य डिजिटल किल्ली नाही त्याला हे दार उत्तरच देत नाही. 'चुकीचा पासवर्ड' एवढंही म्हणत नाही. ठोठावणाऱ्याला आत कोणी राहतं की नाही याचाच पत्ता लागत नाही. रिमोट डेस्कटॉप त्याच्या आत, म्हणजे घरात शिरल्यावरच्या खोलीत. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर या दूरचा स्क्रीन दाखवणाऱ्या अॅप्सना पोर्ट उघडायची गरज नसते, कारण दोन्ही बाजू स्वतःहून मधल्या सर्व्हरशी बोलतात. मात्र तिथे जोडणीचा कोड कोणाला सांगितला यावर सारं अवलंबून. फोनवरच्या 'बँकवाल्या'ला कोड सांगून खाती रिकामी झाल्यावर रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच एनीडेस्कबाबत इशारा दिला होता.

दुसरं टोक मात्र आम्ही दोघंही विसरलो होतो. ऑफिसचा कॉम्प्युटर मित्राचा नाही. त्यावर कोणती बटणं दाबली याची नोंद ठेवणारं काही असेल, तर घरचा पासवर्ड तिथेच उमटणार, मग मधला रस्ता कितीही बंदिस्त असो. जोडणी करताना ऑफिसच्या कॉम्प्युटरचा ड्राइव्ह घरच्या कॉम्प्युटरला खुला केला, तर घरचा व्हायरसही त्याच वाटेने नोकरीवर हजर होतो. अशा जोडणीला परवानगी आहे का, हे आयटीवाल्यांना विचारायचं मित्राच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला स्वतःला नवी होती. चित्र पुन्हा पुन्हा मागवावं लागू नये म्हणून विंडोज समोरच्या स्क्रीनचे छोटे चौकोनी तुकडे पाहणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर साठवून ठेवतं, आणि जोडणी तुटल्यावरही ते तिथेच राहतात. ते तुकडे उघडून दाखवणारी फुकटची साधनं मिळतात. मित्राने परवानगी काढून एका संध्याकाळी ऑफिसात ते उघडले. बहुतेक तुकडे म्हणजे डेस्कटॉपचा निळा रंग आणि आयकॉनांचे कोपरे. एकात मुलीच्या नावाची शेवटची दोन अक्षरं होती, आणि त्याच्या शेजारच्या तुकड्यात तहसील कार्यालयाच्या शिक्क्याची अर्धी गोलाई.