डॉट इनचं रजिस्टर कुणाकडे आणि त्यात नाव कुणाचं?

(आमच्याकडून वेबसाइट करून घेणारे होमस्टेवाले, आंबा बागायतदार आणि दुकानदार यांच्यासाठी)

नूतनीकरणाचं बिल गेलं की हमखास फोन येतो, "नाव एकदा घेतलंय ना, मग परत पैसे कसले?" प्रश्न रास्त आहे. डोमेन नाव, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, विकत मिळत नाही, मुदतीने नोंदवून मिळतं. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षं.

'डॉट इन'ने संपणाऱ्या, म्हणजे भारताच्या नावांचं रजिस्टर 'निक्सी'कडे, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे असतं. २००३ साली स्थापन झालेली ही ना-नफा कंपनी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. २००५ पासून नोंदणी सर्वांना खुली झाली. त्याआधी नियम इतके कडक होते की देशभरात मिळून नावं काही हजारच होती. निक्सी थेट विक्री करत नाही. नाव रजिस्ट्रार कंपनीकडून घ्यावं लागतं, आणि त्या कंपनीशी तुमच्या वतीने व्यवहार करतो ते आम्ही. डॉट इन, डॉट कॉम अशा साऱ्या जगातल्या शेपटांची मूळ यादी सांभाळते ती कॅलिफोर्नियातली 'आयकॅन' ही ना-नफा संस्था.

डॉट इनसारख्या देशाच्या शेपटाचा कारभार कुणी पाहावा, यावर जगात एकमत नाही. जर्मनीत सहकारी संस्था पाहते, ब्रिटनमध्ये सभासदांची ना-नफा कंपनी. सुरुवातीच्या काळात इंटरनेटच्या नावांचा कारभार पाहणारे जॉन पोस्टेल यांनी १९९४ साली लिहून ठेवलेला नियम असा, की हा कारभारी विश्वस्त असतो. इथे हक्क-मालकीची भाषा गैरलागू, जबाबदारी आणि सेवा एवढंच बघायचं. आम्हाला हे पटतं. सरकार नकोच, असं आमचं म्हणणं नाही. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना 'डॉट बँक डॉट इन'वर यायला लावलं, त्यामुळे बँकेची खोटी साइट ओळखणं सोपं झालं. पण किल्ली एकट्या मंत्रालयाच्या हाती असली की काय होतं, तेही दिसलंय: २०२४ मध्ये तालिबानच्या मंत्रालयाने अफगाणिस्तानच्या डॉट एएफवरचं, परदेशातून चालणारं एक नाव बंद करून टाकलं. म्हणून चौकट कायद्याची असावी, नाव काढून घेतलं तर लेखी कारण मिळावं, आणि कारभारात आपल्यासारख्या नावधारकांनाही चार शब्द बोलायला जागा असावी. नावावरच्या हक्काच्या भांडणासाठी डॉट इनमध्ये लवाद आहे, ती सोय चांगली आहे.

आता तुमच्या हातातलं. सातबाऱ्यावर चुलत्याचं नाव राहिलं की काय होतं, ते कोकणात सांगायला नको. इथेही तसंच. भाच्याने हौसेने साइट करून दिली, नोंद त्याच्या ईमेलवर केली आणि तो पुण्याला गेला. मुदत संपल्याची पत्रं त्याच्याकडे जातात, आणि ऐन एप्रिलात पेट्यांच्या ऑर्डरी सुरू असताना साइट बंद! 'हूइज'वर, म्हणजे डोमेनची नोंद दाखवणाऱ्या ऑनलाइन सेवेवर, आपलं डोमेन नाव टाकून पाहा. पत्ता, फोन झाकलेले असतात, पण संस्थेचं नाव, राज्य आणि मुदतीची तारीख दिसते. संस्थेच्या जागी भलतंच काही दिसलं तर आम्हाला कळवा. नोंदीतला ईमेल मात्र तुमचाच हवा, आमचाही नको.

देवनागरीत 'डॉट भारत' २०१४ पासून मिळतं. फलकावर शोभून दिसतं, पण गिऱ्हाईक अजून रोमनमध्येच टाइप करतं, त्यामुळे ते जोडीला घ्या, एकटं नको.

दुसरीकडे जायचं असेल तर ट्रान्सफर कोड, म्हणजे नाव हलवायला लागणारा सांकेतिक शब्द, मागा. आम्ही तो अडवून धरत नाही, आणि त्याचे पैसेही घेत नाही.