कोशातून निघालेल्या पतंगाला साखरपाणी पाजावं का?

"कोशातून निघालेल्या मोठ्या पतंगाला साखरपाणी पाजा, नाहीतर तो उपाशी मरेल," असा सल्ला बरीच वर्षं फिरतोय. त्यामागे माया आहे, पण उपयोग नाही. टसर (टसर रेशीम देणारा) किंवा ॲटलास या मोठ्या पतंगांना खाता येईल अशी सोंडच नसते. टसरची अळी ऐन-अर्जुनाचा पाला खाऊन चरबी साठवते. पतंग त्यावरच आठवडाभर जगतो. खात्री करायची तर भिंगातून डोक्याखाली पाहा. फुलपाखराला असते तशी गुंडाळलेली सोंड दिसणार नाही.

त्याला गरज असते ती जोडीदाराची. मादी रात्री गंध सोडते, नर डोक्यावरच्या पिसासारख्या शृंगिकांनी (मिशांसारख्या अवयवांनी) तो लांबूनही ओळखतो. मादी आपल्याच भागातल्या जातीची असेल, तर तिला जाळीच्या पिंजऱ्यात अंगणात ठेवा. नर जाळीवर आला की आत घ्या. मीलन कित्येक तास चालतं. जोडी ओढून सोडवू नका.