रोल्स-रॉईस कॉर्निश

रोल्स-रॉईस या ब्रिटिश कंपनीची दोन दारांची, चार आसनांची आलिशान मोटार. ती मार्च १९७१ मध्ये बाजारात आली. बंद छपराची आणि उघडझाप होणाऱ्या टपाची, अशी तिची दोन रूपे होती. बंद छपराची गाडी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबली, टपाची मात्र १९९५ पर्यंत बनत राहिली. त्यामुळे नुसते ‘कॉर्निश’ म्हटले की जाणकार टपाचीच गाडी समजतात आणि या नोंदीतही मुख्यतः तिचाच विचार केला आहे.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीसपासून मोनॅकोकडे कड्यांच्या कडेकडेने जाणारे रस्ते कॉर्निश म्हणून ओळखले जातात. तेच नाव गाडीला मिळाले. कंपनीत ते आधीही वापरले गेले होते. १९३९ मध्ये कंपनीच्याच ताब्यातल्या बेंटली या मार्काच्या एका प्रायोगिक मोटारीला हे नाव दिले होते. पुढे युद्धात तिची बॉडी डिएप बंदरातल्या बाँबहल्ल्यात नष्ट झाली आणि नाव तीस वर्षे पडून राहिले.

कॉर्निशचे वेगळेपण समजायचे तर या कंपनीचा जुना रिवाज ठाऊक हवा. हेन्री रॉईस हे मँचेस्टरमध्ये विजेची उपकरणे आणि क्रेन बनवणारे, गरिबीतून वर आलेले अभियंते. चार्ल्स रोल्स हे उमराव घराण्यातले, लंडनमध्ये मोटारी विकणारे. ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात दोघांची भेट झाली आणि १९०६ मध्ये कंपनी स्थापन झाली. रोल्स १९१० मध्ये बोर्नमथ येथे विमान कोसळून मरण पावले, म्हणजे ज्या नावाचा पहिला अर्धा भाग जगभर गाजला त्या माणसाच्या वाट्याला कंपनीची जेमतेम चार वर्षे आली. रॉईस १९३३ पर्यंत हयात होते.

त्या काळात कंपनी अख्खी मोटार विकतच नसे. गिऱ्हाईक इंजिन, गिअर आणि चाके असलेली चॅसिस, म्हणजे गाडीचा तळाचा सांगाडा, विकत घेई आणि ती बार्कर, हूपर, मुलिनर, पार्क वॉर्ड अशा एखाद्या बॉडी बांधणाऱ्या पेढीकडे पाठवी. तिथे सुतार, पत्रेवाले आणि कातडीकाम करणारे गिऱ्हाइकाच्या मर्जीनुसार वरचा साज चढवत. हिंदुस्थानातले संस्थानिक या पद्धतीचे लाडके गिऱ्हाईक होते. कंपनीचा इथला बोलबाला सुरू झाला तोही मराठी मुलखातून: १९०८ मध्ये मुंबई-कोल्हापूर मार्गावर झालेल्या मोटार चाचणीत तिच्या गाडीने सह्याद्रीतले घाट पार करून नाव कमावले. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ म्हणून ओळखली जाणारी ती गाडी पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा रिवाज मोडत गेला. लढाऊ विमानांची मर्लिन इंजिने बनवण्यासाठी उभारलेल्या, इंग्लंडमधल्या क्रू या गावातील कारखान्यात १९४६ पासून मोटारी तयार होऊ लागल्या आणि कंपनी स्वतःच पोलादी बॉडी बसवून गाडी विकू लागली. बॉडी बांधणाऱ्या पेढ्या एकेक करून मिटल्या. पार्क वॉर्ड १९३९ मध्येच आणि एच. जे. मुलिनर १९५९ मध्ये रोल्स-रॉईसने ताब्यात घेतली होती. १९६१ मध्ये दोन्ही एकत्र करून ‘मुलिनर पार्क वॉर्ड’ ही शाखा निर्माण झाली.

पुढचा घाव १९६५ मध्ये बसला. त्या वर्षी आलेल्या सिल्व्हर शॅडो या गाडीला वेगळी चॅसिसच नव्हती. तळ आणि बॉडी मिळून एकच सांगाडा. चॅसिस नाही तर वर बांधायचे काय? बहुतेकांनी इथे हात टेकले असते. मुलिनर पार्क वॉर्डच्या कारागिरांनी मात्र शॅडोचा तळ घेऊन त्यावर हाताने दोन दारांची बॉडी चढवली. बंद छपराची गाडी १९६६ मध्ये आली, टपाची १९६७ मध्ये. छप्पर काढले की अशा सांगाड्याचा ताठपणा जातो, म्हणून तळ व दाराखालचे पट्टे मजबूत करावे लागले. शॅडोची कमरेची रेघ सरळ होती. इथे ती मागच्या चाकावर किंचित उचलली. एवढ्या एका बदलाने चौकोनी गाडीला डौल आला. १९७१ मध्ये याच गाडीला थोड्या सुधारणांसह कॉर्निश हे नाव मिळाले.

मुहूर्त विचित्र होता. लॉकहीड या अमेरिकी कंपनीच्या ट्रायस्टार विमानासाठी बनवायला घेतलेल्या आरबी २११ इंजिनाचा खर्च हाताबाहेर गेला आणि ४ फेब्रुवारी १९७१ रोजी रोल्स-रॉईसचे दिवाळे निघाले. विमान-इंजिनांचा विभाग ब्रिटिश सरकारने ताब्यात घेतला, मोटारींचा विभाग वेगळा काढला. ही पडझड चालू असतानाच, जेमतेम महिनाभरात, कंपनीने आपली सर्वांत चैनीची गाडी लोकांपुढे मांडली. ती खपली, आणि अडचणीतल्या मोटार विभागाची पत टिकवण्यात तिचा वाटा होता असे म्हणायला हरकत नाही.

बनावटीचा मार्ग लांबलचक होता. बॉडी लंडनच्या विल्सडन भागात हाताने तयार होई, यंत्रसामग्री क्रूची. बॉनेटखाली ६,७५० घनसेंमी.चे, ॲल्युमिनियमचे आठ सिलिंडरांचे व्ही इंजिन असे. अश्वशक्ती किती, हे कंपनी सांगत नसे. ‘पुरेशी’ एवढेच उत्तर मिळे. दोन टनांहून जड असलेली ही गाडी ताशी सुमारे १९० किमी. वेग गाठू शकत असे, पण तशी ती हाकणे म्हणजे तिचा उद्देशच न कळणे होय. आत कॉनली कंपनीचे कातडे आणि डॅशबोर्डवर अक्रोडाच्या गाठाळ लाकडाचा पातळ पापुद्रा. डाव्या-उजव्या बाजूंची नक्षी एकमेकींचे प्रतिबिंब वाटावी म्हणून सलग कापलेले पापुद्रे जोडीने लावत.

टपावर विशेष मेहनत घेतलेली असे. धातूच्या चौकटीवर जाड कापड, आतून अस्तर; त्यामुळे टप वर असताना आत बसलेल्याला बंद मोटारीतच असल्यासारखे वाटे. उचलण्याचे काम विजेवर चालणारा हायड्रॉलिक पंप करी. मात्र टप पूर्ण आत जात नसे. गुंडाळलेल्या गादीसारखा मागच्या आसनामागे उंच राही आणि त्यावरचे आच्छादन हाताने चढवावे लागे. १९९२ पर्यंत पुढची कडीही हातानेच लावायची होती. इतक्या किमतीच्या गाडीत हे खटकते.

ब्रेक आणि मागच्या बाजूची उंची समतोल राखणारी यंत्रणा उच्च दाबाच्या द्रवावर चालते. त्यातले काही तंत्र सिट्रोएन या फ्रेंच मोटार कंपनीच्या परवान्याने घेतलेले आहे. दाब साठवण्यासाठी नायट्रोजन भरलेले धातूचे दोन गोळे असतात. जुनी कॉर्निश पारखणारा मेकॅनिक इंजिन बंद करून, चावी चालू ठेवून ब्रेक दाबत राहतो आणि धोक्याचा दिवा कितव्या दाबाला लागतो ते मोजतो. दोन-चार दाबांतच लागला तर गोळ्यांतला वायू संपत आला, असे समजतात. तेलाचा घोटाळा त्याहून महाग पडतो. सुरुवातीच्या गाड्यांत आरआर ३६३ हे खास ब्रेक ऑईल लागते, तर १९८० च्या दशकातल्या गाड्यांत खनिज तेल. चुकून एकात दुसरे पडले की सगळी रबरी सिले खराब होतात. याखेरीज मागच्या चाकांवरच्या कमानी आणि दाराखालचे पट्टे गंजतात. वरून रंग चकचकीत असला तरी तिथे हात फिरवून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

पुढची दोन दशके गाडी वरवर तशीच राहिली. १९७७ मध्ये स्टिअरिंग बदलले, १९८४ मध्ये बेंटली नावाने विकल्या जाणाऱ्या आवृत्तीला काँटिनेंटल हे नाव मिळाले, मग कॉर्निश दोन, तीन आणि चार अशा पायऱ्या झाल्या. १९९२ च्या चौथ्या आवृत्तीत चार गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स आला आणि टपाच्या मागच्या खिडकीला प्लॅस्टिकऐवजी काच. शेवटी १९९५ मध्ये टर्बोचार्जर बसवलेल्या ‘कॉर्निश एस’ नावाच्या २५ गाड्या काढून उत्पादन थांबवले. भारतात हा सारा काळ परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंधांचा होता. त्यामुळे इथल्या जुन्या मोटारींच्या मेळाव्यांत संस्थानी काळातल्या रोल्स-रॉईस दिसतात, तितक्या सहज कॉर्निश दिसत नाही.

२००० मध्ये कॉर्निश नावाने आणखी एक गाडी आली, पण ती बेंटली अझ्युअरच्या पायावर उभी होती. २००२ पर्यंत तिच्या ३७४ गाड्या बनल्या. तोवर घराण्याची वाटणी झाली होती: १९९८ मध्ये क्रूचा कारखाना आणि बेंटली फोक्सवॅगनकडे गेले, रोल्स-रॉईस हे नाव बीएमडब्ल्यूकडे, आणि २००३ पासून रोल्स-रॉईस मोटारी गुडवुड येथे बनू लागल्या. कॉर्निशचे इंजिन ज्या घराण्यातले, ते व्ही-आठ मात्र क्रूमध्येच राहिले आणि सुधारत सुधारत २०२० पर्यंत बेंटलीच्या गाड्यांत बसवले गेले. मुलिनर हे नावही बेंटलीकडेच आहे. गिऱ्हाइकाच्या फर्माइशीप्रमाणे गाड्या सजवणारा तिचा विभाग आज त्या नावाने चालतो.