‘लोळून राहिला’चं वजन

नागपुरात मानेवाड्यातल्या माझ्या मित्राला नैराश्य आहे हे कळून तीन आठवडे झाले होते. मी गेलो तेव्हा सकाळचे साडेअकरा. तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून, काकू दारात. “किती वेळचा लोळून राहिला रे! आंघोळ त कर.” मग माझ्याकडे वळून, “मी इथं मरमर करून राहिले, अन् याले काही फरकच नाही.” पाच मिनिटांत अशी चार वाक्यं झाली. मी मोजली, कारण अशी वाक्यं मोजण्याचं एक शास्त्रच आहे.

त्याची सुरुवात 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये झाली. समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन मनोरुग्णालयातून घरी सोडलेल्या रुग्णांचा माग काढत होते. आई-वडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले लोक भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडत होते. म्हणजे मायेच्या घरातच काहीतरी बिनसत होतं. मग संशोधकांनी नातेवाइकांच्या मुलाखती टेप केल्या आणि टीकेची वाक्यं मोजली, तीही शब्दांपेक्षा सुरावरून. टीका, तिरस्कार आणि रुग्णाला श्वासही घेऊ न देणारी अतिकाळजी असलेल्या घरांत स्किझोफ्रेनियाचे (भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचे) 51 टक्के रुग्ण नऊ महिन्यांत पुन्हा आजारी पडले, शांत घरांत 13 टक्के. हे आकडे 1976 चे. नैराश्याच्या रुग्णांना तर त्याहून कमी टीकाही पुरत होती.

पुढे अमेरिकेत नैराश्यातून बऱ्या झालेल्या लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून त्यांच्या आईच्याच आवाजातली टीका ऐकवली. भावनांना लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग कधीच नैराश्य न आलेल्यांमध्ये जसा कामाला लागला, तसा त्यांच्यात लागला नाही. माणूस वरून ठणठणीत होता, तरी आत ती जागा अजून हळवीच होती.

म्हणून काकू आजाराला कारण, असं कुणी समजू नये. टीका बहुतेक वेळा आजाराच्या ज्या भागावर होते तो असतो सुस्ती, न उठणं, न बोलणं. हे आजारामुळे होतं हे माहीत नसलं की आळस वाटतो, आणि आळशाला बोलायचा आपल्याकडे सगळ्यांनाच हक्क. आजार समजावून सांगितला की घराचा सूर उतरतो आणि आजार उलटण्याचं प्रमाणही घटतं. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णासोबत राहायला लावलं होतं, ते उगाच नाही.

काकूंची खरी भीती वेगळीच निघाली. “लोक म्हणतील, पोराले पागलखान्यात नेलं.” इथलं मनोरुग्णालय 1864 पासूनचं, पण ऑटोवाल्याला आजही ‘पागलखाना चौक’ म्हटल्याशिवाय कळत नाही. शब्द असा चौकाला चिकटला की घरोघरी पोचतो.

मी त्यांना एवढंच सांगितलं की नैराश्यावरच्या गोळीचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आधी मळमळच जाणवते, आणि बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवायची नाही. दुसरं काम माझं होतं. गच्चीवर गेल्यावर मी मित्राला सरळ विचारलं, “मरून जावं असं वाटतं का?” या प्रश्नाने डोक्यात विचार पेरला जातो ही समजूत अभ्यासांत टिकलेली नाही, उलट माणूस मोकळा होतो. तो म्हणाला, “वाटायचं, आता नाही.” हो म्हणाला असता तर त्याला एकटं सोडलं नसतं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठला असता. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मी त्याच्या आणि काकूंच्या, दोघांच्या मोबाईलमध्ये टाकून दिला. चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

परवा पुन्हा गेलो. दुपारचे तीन वाजले होते आणि तो नुकताच आंघोळ करून आला होता. काकूंच्या ओठांवर “आत्ता सुचलं होय” आलेलं मला स्पष्ट दिसलं. त्यांनी ते गिळलं, टोपलीतलं संत्रं सोललं आणि अर्धं त्याच्यासमोर ठेवलं.